आकड्यांची वतनं

१९८९च्या मे महिन्यात मुंबईच्या आसपास दोन नोंदी झाल्या. ८ मे रोजी ‘डॉट इन’ हे भारताचं इंटरनेटवरचं नाव जागतिक नोंदवहीत दाखल झालं आणि त्याचा कारभार जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, या सरकारी संस्थेकडे आला. २६ मे रोजी खाडीपलीकडे उरण तालुक्यात न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं. बंदराची गोष्ट रायगडात शेंबड्या पोरालाही माहीत होती. डॉट इनची गोष्ट माहीत असणारी माणसं सगळ्या देशात एका सभागृहात मावली असती.

पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या, की आज एकीवाचून दुसरीचं पान हलत नाही. देशातल्या प्रमुख बंदरांमधून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीपैकी निम्म्याच्या आसपास वाहतूक न्हावा शेवातून होते, आणि तिथे आकड्याशिवाय काही सरकत नाही. प्रत्येक कंटेनरच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. त्यातली मालकाची अक्षरं पॅरिसच्या एका संस्थेकडे नोंदवलेली असतात. बंदरालाही स्वतःचा सांकेतिक क्रमांक आहे आणि कस्टम्सच्या कागदावर तो चुकला तर माल भलत्याच ठिकाणी नोंदला जातो. या सगळ्या नोंदी ज्या संगणकांमधून फिरतात, त्यांनाही आकडे लागतात. ते म्हणजे आयपी पत्ते. कंटेनरची अक्षरं कधी संपायला आली नाहीत, म्हणून त्यांच्यावरून भांडणही झालं नाही. आयपी पत्ते मात्र संपले. मग ते कोणाला मिळावेत, कोण ‘आपला’ आणि कोण ‘बाहेरचा’, असा वाद उभा राहिला.

पात्रतेचा वाद या किनाऱ्याला नवा नाही. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी जमिनी गेल्या तेव्हा मोबदला कोणाला आणि किती, यावरून १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-न्हावा शेवा परिसरात आंदोलन पेटलं. दि. बा. पाटील नेते होते. गोळीबारात ५ जण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: ज्याची जमीन गेली त्याला तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड. या बंदराच्या, म्हणजे जेएनपीटीच्या, प्रकल्पग्रस्तांना त्या भूखंडांची इरादापत्रं द्यायला ऑगस्ट २०१४ उजाडला. हे इथे एवढ्याचसाठी सांगितलं, की वाटपाचा नियम कागदावर येणं आणि वाटा हातात पडणं यांत केवढं अंतर असतं, हे उरणकरांना समजावून सांगावं लागत नाही. इंटरनेटच्या पत्त्यांची कथा जमिनीच्या कथेशी आश्चर्य वाटावं इतकी जुळते, म्हणून या लेखात मी जमिनीचीच भाषा वापरणार आहे.

सुरुवात अमेरिकेत. सप्टेंबर १९८१मध्ये इंटरनेटचे जे मूळ नियम ठरले, त्यांत प्रत्येक पत्त्याला ३२ बिट्स दिले गेले. त्यातून ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते तयार होतात. संशोधकांच्या एका प्रयोगाला एवढे पुरून उरतील असाच तेव्हाचा हिशेब होता, आणि त्या दिवसांत तो चुकीचाही नव्हता. कोणता आकडा कोणाला दिला याची वही कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल हे दाढीवाले, सँडल घालणारे शास्त्रज्ञ सांभाळत. पत्ता हवा असणाऱ्याने अर्ज करायचा, मागणी बरी वाटली की गट मिळायचा. गटांचे तीन वर्ग होते. अ वर्गात १ कोटी ६७ लाख पत्ते, ब वर्गात ६५,५३६ आणि क वर्गात २५६.

मधलं काही नव्हतंच. ज्याला हजार पत्ते हवेत त्याला क वर्ग अपुरा पडे, म्हणून ब वर्ग दिला जाई. ज्यांनी लवकर हात पुढे केला आणि ज्यांचं नाव मोठं होतं, त्यांना अ वर्ग मिळाला. अशा रीतीने आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, अ‍ॅपल, फोर्ड ही मोटार कंपनी, प्रुडेन्शियल ही विमा कंपनी, अमेरिकेचं पोस्ट खातं आणि मॅसॅच्युसेट्सचं एमआयटी विद्यापीठ यांच्याकडे प्रत्येकी पावणेदोन कोटींच्या आसपास पत्ते गेले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तर असे अनेक गट. ही आकड्यांची इनाम वतनं. सनद मिळाली, सारा नाही, अटी जवळजवळ नाहीत आणि मुदतही नाही. यांत लबाडी नव्हती. त्या घडीला रान मोकळं होतं आणि रान मोकळं असताना कोणी मोजणीदार बोलावत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०००च्या सुमारास आपला अ वर्गाचा गट आपणहून परत केला, हे मुद्दाम नोंदवायला हवं, कारण तसं करणारे फार थोडे निघाले.

भारत तेव्हा काय करत होता? १९८६मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात ८ संस्था होत्या: मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रासच्या आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, जुहूची एनसीएसटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग. एनसीएसटीचे प्रमुख श्रीनिवासन रमणी होते. २०१४मध्ये त्यांचं नाव जागतिक इंटरनेट सन्मान यादीत गेलं. पवई आणि जुहू यांच्यामध्ये ई-मेल सुरू झाली ती टेलिफोनच्या तारेवरून. १९८९मध्ये जुहूहून अमेरिकेपर्यंत एक कायमची भाड्याची लाइन मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. आज मोबाइलवर आलेलं एखादं ‘सुप्रभात’चं चित्र त्या लाइनीतून यायला पाच-दहा मिनिटं लागली असती. सगळ्या भारताचं शैक्षणिक इंटरनेट त्या एका धाग्याला लटकलं होतं.

या प्रकल्पाला १४४.१६ने सुरू होणारा ब वर्गाचा एक गट मिळाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे १५८.१४४चा ब वर्ग आहे. म्हणजे भारतभरच्या नामांकित संस्थांच्या जाळ्याला ६५,५३६ आणि बोस्टनजवळच्या एका विद्यापीठाला १ कोटी ६७ लाख. आपल्या बाजूने मागणीच लहान होती हेही खरंच. मॉडेम आयात करायचा तर परवाना, टेलिफोन हवा तर काही वर्षांची प्रतीक्षा यादी, आणि परदेशाशी होणाऱ्या संपर्कावर विदेश संचार निगमची मक्तेदारी. मागायला जावं असं जाळंच उभं नव्हतं, तर अर्जात लिहिणार काय?

१९९०च्या सुमारास ब वर्गाचे गट झपाट्याने संपू लागले. शिवाय जगभरचे अर्ज अमेरिकेतल्या एका कचेरीत जात आणि तिचा खर्च अमेरिकी सरकार करत होतं. युरोपातल्या जाळ्यांना हे रुचत नव्हतं, अमेरिकी सरकारलाही जगाचा तलाठी होऊन राहण्यात रस नव्हता. ऑगस्ट १९९०मध्ये नोंदणीचं काम वेगवेगळ्या ठिकाणी वाटावं अशी शिफारस झाली. १९९२च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला युरोपची नोंदणी संस्था, राइप, उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एलिस गेरिच यांनी लिहिलेल्या एका तांत्रिक दस्तऐवजात पृथ्वीची पहिली वाटणी झाली. १९४ आणि १९५ने सुरू होणारे क वर्गाचे पत्ते युरोपला, १९८ आणि १९९ उत्तर अमेरिकेला, २०० आणि २०१ मध्य व दक्षिण अमेरिकेला, २०२ आणि २०३ पॅसिफिक किनाऱ्याला.

प्रदेशाचा नियम इथे जन्मला, आणि त्याचं कारण न्याय हे नव्हतं. कारभार सुटसुटीत व्हावा, अर्जदाराला त्याच्या वेळेत आणि त्याच्या जवळ उत्तर मिळावं, राउटरच्या याद्या फुगू नयेत, एवढाच हेतू होता. उशिरा येणाऱ्यांसाठी काही राखून ठेवावं हा विचार त्यात पुसटसा होता; पण जुन्या वतनांना कोणी हात लावला नाही. उरलेल्या रानाची तेवढी सरळ मोजणी झाली. या वाटणीत अरबी समुद्रावरची मुंबई पॅसिफिक किनाऱ्यात जमा झाली. १९९३मध्ये टोकियोत प्रायोगिक म्हणून सुरू झालेल्या आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेकडे, एपनिककडे, भारताचा दप्तरखाना गेला. १९९८मध्ये ती ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हलली आणि अजून तिथेच आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ब्रिजेंद्र सिंगल तेव्हा अध्यक्ष होते. वर्षाला २५० तासांची, नुसती अक्षरं दिसणारी जोडणी ५,००० रुपयांना आणि चित्रं दिसणारी १५,००० रुपयांना. लाइनी व्यग्र, फोन लागत नाही, लागला तर तुटतो, अशी सुरुवात झाली आणि निगमला भरपूर बोलणी खावी लागली. निगमचे पत्ते २०२.५४ने सुरू होत. त्या काळात मॉडेमचा तो कर्कश सूर ऐकत ज्यांनी संगणक जोडला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हे आकडे अजून पाठ असतील. ते पॅसिफिक किनाऱ्याचे होते हे मात्र कोणाच्या गावीही नव्हतं.

नोव्हेंबर १९९६मध्ये वाटपाचे नियम एकत्र लिहिले गेले आणि ‘गरज’ हा पात्रतेचा दुसरा खांब झाला. पत्ते हवे असतील तर जाळ्याचा आराखडा दाखवा. मिळालेल्यांपैकी चौथा हिस्सा ताबडतोब आणि निम्मे वर्षभरात वापरात येतील हे सिद्ध करा. आधीच्या गटाचे ८० टक्के वापरल्याशिवाय पुढचा गट मागू नका. ऐकायला हे अगदी वाजवी आहे. साठेबाजी रोखायला दुसरा उपायही नव्हता. पण या नियमाच्या पोटात एक मेख होती. गरज सिद्ध होते ती आज असलेल्या जाळ्यावर. ज्या देशात टेलिफोनची तार पोचलेली नाही, तिथल्या उद्याच्या गरजेला कागदावर किंमत नव्हती. जपान, कोरिया आणि मागून चीन यांनी याच नियमाखाली भराभर पत्ते नेले, कारण त्यांची जाळी उभी होती. भारतात खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची परवानगीच नोव्हेंबर १९९८मध्ये मिळाली. त्याआधीच्या प्रत्येक वर्षाची किंमत आपण पुढे मोजली.

न्हावा शेवाच्या धक्क्यावर उभं राहून पाहिलं तर या विभागणीचा नकाशा गमतीदार दिसतो. इथून निघालेलं जहाज कोलंबोला किंवा कराचीला गेलं, तर तिथल्या जाळ्याचे पत्ते आपल्याप्रमाणेच ब्रिस्बेनहून आलेले. तेच जहाज दुबईच्या जेबेल अलीला किंवा ओमानच्या सलालाला गेलं, तर तिथले पत्ते अ‍ॅमस्टरडॅमचे, कारण इराण, आखात आणि मध्य आशिया युरोपच्या संस्थेकडे आहे. मोंबासाला गेलं तर २००५मध्ये मान्यता मिळालेल्या आफ्रिकेच्या संस्थेचे, आफ्रिनिकचे, आणि तिचं मुख्यालय मॉरिशसमध्ये. एकाच हिंदी महासागराच्या काठावर तीन दप्तरखाने. उत्तर अमेरिकेची आरिन ही संस्था १९९७मध्ये स्वतंत्र झाली आणि लॅटिन अमेरिकेची लॅकनिक २००२मध्ये. या पाचांपैकी प्रत्येकीचे नियम त्या त्या प्रदेशात वेगळे ठरतात. ‘आपल्या प्रदेशातलं जाळं’ म्हणजे नेमकं काय, याचं उत्तरही पाचही ठिकाणी सारखं नाही. अ‍ॅमस्टरडॅमला प्रदेशात जाळ्याचा एखादा चालता भाग असला तरी चालतं. लॅटिन अमेरिकेत मुख्य वापर प्रदेशातच हवा. आरिनने बाहेरच्या वापराचा नियम बरीच वर्षं वाद घालून २०१६मध्ये लागू केला.

पत्ते भरपूर होते तोवर या फरकाने कोणाचं काही बिघडत नव्हतं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी ते बदललं. जागतिक कोठारात उरलेले शेवटचे पाच मोठे गट पाचही संस्थांना एकेक असे वाटून टाकले गेले. लोकसंख्या पाहिली नाही, मागणी पाहिली नाही, सरळ एकेक. आशियात मागणी सर्वात जास्त, त्यामुळे एपनिकचा साठा सर्वांत आधी आटला. १५ एप्रिल २०११ रोजी ती संस्था आपल्या शेवटच्या गटावर, १०३ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर, येऊन ठेपली.

त्या दिवसापासून आशियात एक वेगळाच नियम लागू झाला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत न्याय्य नियम. प्रत्येक सभासदाला त्या गटातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते. मग तो जपानचा टेलिफोन कारभार सांभाळणारा असो वा पनवेल-उरणच्या सोसायट्यांना जोडण्या देणारा केबलवाला. उशिरा येणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे, हे तत्त्व प्रथमच स्पष्ट लिहिलं गेलं. भारतात त्यानंतर जे असंख्य लहान इंटरनेट व्यावसायिक उभे राहिले, त्यांचे पत्ते बहुधा १०३नेच सुरू होतात. फेब्रुवारी २०१९मध्ये ही मर्यादा ५१२वर आली.

दुसरीकडे बाजार सुरू झाला होता. २०११मध्येच दिवाळखोरीत गेलेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरला विकत घेतले. म्हणजे एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. फुकटात मिळालेल्या सनदेला भाव फुटला. पुढच्या दहा वर्षांत तो ५० डॉलरच्या वर गेला. एमआयटीनेही २०१७मध्ये आपल्या वतनातला मोठा तुकडा अ‍ॅमेझॉनला विकला. आशियात १०३चे पत्ते मिळवण्यासाठी कागदी कंपन्या काढून लगेच ते विकण्याचा धंदा सुरू झाला, तेव्हा एपनिकने हे पत्ते पाच वर्षं हस्तांतरित करता येणार नाहीत असा नियम केला. नव्या शर्तीची जमीन म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या नियमाचा हेतूही कळेल आणि त्यातून पळवाटा कशा निघतात हेही. साडेबारा टक्क्यांचे किती भूखंड हातात पडण्याआधीच विकले गेले, याची चर्चा उरण-पनवेलच्या चहाच्या टपऱ्यांवर आजही होते.

२०१२मध्ये भारताने प्रदेशाच्या आत आपला स्वतःचा दप्तरखाना काढला. नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था २००३मध्ये स्थापन झाली होती. त्याआधी मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेली मेल अमेरिकेला वळसा घालून येई. ती इथल्या इथे वळावी म्हणून निक्सीची केंद्रं सुरू झाली. डॉट इनचा कारभारही जुहूहून तिच्याकडेच आला होता. आता तिच्या छताखाली इरिन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था आली. जपान, चीन, कोरिया, तैवान, व्हिएतनाम आणि इंडोनेशिया यांच्याकडे अशा संस्था आधीपासून होत्या. इरिनची पात्रता सोपी: संस्था भारतात नोंदलेली हवी आणि जाळं भारतात हवं. शुल्क ऑस्ट्रेलियन डॉलरऐवजी रुपयांत. तालुक्याच्या ठिकाणच्या व्यावसायिकाला परदेशी चलनाची आणि इंग्रजी पत्रव्यवहाराची धास्ती उरली नाही, हा फायदा छोटा नव्हता. पण तारीख पाहा. दप्तरखाना उघडला तेव्हा वाटायला उरलं होतं ते १,०२४-१,०२४चं. ज्या काळात पत्ते मुबलक होते त्या काळात हीच सोय असती, तर भारताचा वाटा वेगळा दिसला असता. आज दीडशे कोटींच्या घरात पोचलेल्या देशाकडे ३२ बिट्सच्या जुन्या पद्धतीचे पत्ते चार कोटींच्या आसपास आहेत आणि अमेरिकेकडे दीडशे कोटींहून अधिक.

२०१४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोरियातल्या बुसानला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची परिषद भरली. तिथे भारताने एक ठराव मांडला. पत्ते देशवार अशा पद्धतीने वाटले जावेत की पत्त्यावरून देश ओळखता यावा, आणि देशातली वाहतूक देशातच राहावी, असा त्याचा रोख होता. हेरगिरीचं स्नोडेन प्रकरण ताजं होतं, त्यामुळे चिंता निराधार नव्हती. तरीही ठराव टिकला नाही. अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी विरोध केला, शेवटी तो बाजूला ठेवला गेला. मला वाटतं, हे बरं झालं. देशवार वाटणीची सोय सरकारांना होते, जाळ्यांना होत नाही. आणि एखाद्या देशाला एका बटणावर जगापासून तोडणं त्यातून फार सोपं झालं असतं. पण ज्या वाटणीत एका विद्यापीठाला एका देशभरच्या जाळ्यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं, तिच्याबद्दल तक्रार करणाऱ्याला ‘तंत्रज्ञानात राजकारण आणू नका’ असं सांगण्याचा नैतिक अधिकार विरोधकांकडेही नव्हता.

पत्ते नाहीत, मग एवढी माणसं इंटरनेटवर आली कशी? दोन वाटांनी. पहिली वाट जोडतोडीची. फेब्रुवारी १९९६मध्ये काही पत्ते ‘खासगी’ म्हणून वेगळे काढले गेले. १० किंवा १९२.१६८ने सुरू होणारे हे पत्ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत, बाहेर मात्र एकाच जाहीर पत्त्यामागे सगळ्यांनी उभं राहावं. घरातला वायफाय, बंदराच्या गोदामातली क्रेन, कार्यालयातला प्रिंटर सगळे यावरच चालतात. मोबाइल कंपन्या तर एका जाहीर पत्त्यामागे शेकडो ग्राहक उभे करतात. त्यामुळे सायबर पोलिसांना नुसता पत्ता मिळून भागत नाही, अचूक वेळ आणि त्या जोडणीचा पोर्ट क्रमांकही लागतो, तेव्हा कुठे त्या शेकड्यातला माणूस सापडतो.

या आडोशाने आणखी एक गैरसमज पसरवला: आत आहोत म्हणजे सुरक्षित आहोत. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा संगणकी हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातून जगभर पसरला. न्हावा शेवातलं जीटीआय हे टर्मिनल तिच्याच समूहाकडून चालवलं जातं. तिथले संगणक बंद पडले, कंटेनरांची नोंद हाताने करायची वेळ आली, काही वाहतूक शेजारच्या टर्मिनलकडे वळवावी लागली आणि ट्रकांच्या रांगांची धास्ती उभी राहिली. मेर्स्कला नंतर ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. पत्ता खासगी होता की जाहीर, याने त्या दिवशी काही फरक पडला नाही.

दुसरी वाट नव्या वसाहतीची. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचे नियम १९९५पासून तयार होते आणि त्यात १२८ बिट्स, म्हणजे न संपणारे पत्ते आहेत. जुन्या पत्त्यांचा सुकाळ असलेल्या देशांना घाई नव्हती. भारताच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१०मध्ये आराखडा काढला. त्यावर कंपन्या नेहमीच्या गतीने चालल्या. मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी नवी मुंबईतल्या घणसोलीहून कारभार हाकणाऱ्या जिओने सेवा सुरू केली. कोट्यवधी ग्राहक काही महिन्यांत येणार आणि जुने पत्ते तर नाहीत, म्हणून जाळं आरंभापासून नव्या पद्धतीवर बांधलं गेलं. नवी पद्धत सर्वाधिक वापरणाऱ्या देशांत भारत आज अगदी वरच्या ओळीत आहे आणि आपली इंटरनेट वापरणारी बहुसंख्य माणसं तिच्यावर आहेत. याला दूरदृष्टी म्हणण्याचा मोह होतो. पण खरं सांगायचं तर वाटा न मिळालेल्या धाकट्या भावाने गावाबाहेर नवं घर बांधलं, तेव्हा ते आपोआप नव्या धर्तीचं झालं.

प्रदेशाच्या नियमाची खरी कसोटी मात्र आपल्याकडे लागली नाही. ती लागली मॉरिशसला, जिथे एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही आहेत. २०११मध्ये आफ्रिकेलाही आपला एक मोठा गट मिळाला होता. तिथली मागणी कमी, त्यामुळे साठा इतरांपेक्षा जास्त टिकला. साहजिकच बाकीच्या जगाची नजर तिकडे वळली. २०१३ ते २०१६ या काळात क्लाउड इनोव्हेशन या सेशेल्समध्ये नोंदलेल्या कंपनीला आफ्रिनिकने सुमारे ६२ लाख पत्ते दिले. हे पत्ते आफ्रिकेबाहेर, मुख्यतः आशियात, भाड्याने दिले जात असल्याचा आक्षेप आफ्रिनिकने पुढे घेतला आणि ते परत मागण्याची नोटीस काढली. कंपनीचं म्हणणं असं की पत्ते प्रदेशाबाहेर वापरू नयेत असा नियमच नाही. प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयांत गेलं. जुलै २०२१मध्ये आफ्रिनिकची बँक खाती गोठवली गेली. पुढे संचालक मंडळाची गणसंख्याही उरली नाही आणि सप्टेंबर २०२३मध्ये न्यायालयाने संस्थेवर रिसीव्हर नेमला. जून २०२५ची निवडणूक रद्द झाली, सप्टेंबरमध्ये पुन्हा घ्यावी लागली. एका खंडाचा दप्तरखाना चार वर्षं जवळजवळ कुलपात. त्याआधी याच संस्थेच्या दप्तरातले लाखो पत्ते परस्पर भलत्यांच्या नावावर चढवले गेल्याचं २०१९मध्ये उघड झालं होतं. सातबाऱ्यावर परस्पर नाव चढण्याचे प्रकार पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

क्लाउड इनोव्हेशनच्या प्रकरणाने एक गोष्ट दाखवली. ‘प्रदेशातलं जाळं’ ही अट संस्थांच्या नियमांत होती, पण सगळे एकमेकांना ओळखत असलेल्या काळात लिहिलेली, सैल. जेव्हा एकेका पत्त्याला ५० डॉलर मिळू लागले तेव्हा तिच्या प्रत्येक शब्दाला वकील मिळाला. आता पाचही संस्थांना मान्यता देण्याचे २००१चे मूळ निकष नव्याने लिहिले जात आहेत. एखादी संस्था कोलमडली तर तिचं दप्तर कोणी सांभाळायचं, हा त्यातला मुख्य प्रश्न आहे.

आणि प्रदेश म्हणजे तरी काय राहिला आहे? पनवेलजवळ, न्हावा शेवापासून तासाभराच्या अंतरावर, जुलै २०२०मध्ये एक अवाढव्य डेटा सेंटर सुरू झालं. नवी मुंबईत महापे, रबाळे, ऐरोली इथे अशी आणखी कितीतरी आहेत. तिथल्या कपाटांत ज्या परदेशी कंपन्यांचे सर्व्हर बसतात, त्यांचे पत्ते अमेरिकेत किंवा युरोपात नोंदलेले असू शकतात. वीज रायगडची, आकडा अमेरिकेचा. नियमाच्या भाषेत हे जाळं कोणत्या प्रदेशातलं, याचं उत्तर कोणत्या दप्तरखान्याला विचाराल त्यावर अवलंबून राहील.

जे झालं ते असं: प्रदेशाचा नियम कारभाराच्या सोयीसाठी आला, टंचाईत तो उशिरा येणाऱ्यांची ढाल बनला आणि पैसा आल्यावर त्याच ढालीला भोकं पडली. तरी तो नसता तर १०३चे पत्तेसुद्धा लिलावात गेले असते आणि उरणच्या केबलवाल्याला ५१२ सोडा, पाचही परवडले नसते. दोष नियमाचा नाही. प्रत्येकाला सारखी कमाल मर्यादा हा उपाय २०११मध्ये, कोठार रिकामं झाल्यावर लागू झाला. तो १९९२मध्ये, पहिल्या वाटणीच्या वेळीच लावायला हवा होता. आज एपनिकच्या नियमाप्रमाणे नव्या सभासदाला मिळणारे जुने पत्ते ५१२ आहेत, आणि १९८१नंतरच्या त्या जुन्या वतनांपैकी बहुतेक अजून मूळ वतनदारांच्या नाहीतर त्यांच्याकडून विकत घेणाऱ्यांच्या नावावर आहेत.